देवाला नाव-पत्ता लागत नाही

आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीत कुणाचंही नाव येणार नाही. ज्याची ही गोष्ट आहे त्याला विचारलंय, आणि जेवढ्याची परवानगी मिळाली तेवढंच सांगणार आहे. नावं गाळायची अट आमच्या बाईची. ती म्हणाली, "नावाशिवाय सांगता येत असेल तर सांगा, नाहीतर राहू द्या." मला राहू द्या म्हणणारे पुष्कळ भेटले, पण मला गप्प करणं एकालाही जमलेलं नाही.

आमची बाई म्हणजे माझी बायको. आमच्या चर्चची ती पाळक आहे. रविवारची उपासना तीच चालवते, लग्नं तीच लावते, कुणी गेलं की शेवटची प्रार्थना तीच करते. सगळे तिला पाळकबाई म्हणतात. मी न्हावी. आता देवाची गंमत बघा. दोघांचाही धंदा खुर्चीचा. माझ्या खुर्चीत माणूस बसतो, मान मागे टाकतो आणि बोलायला लागतो. तिच्या खुर्चीतही माणूस बसतो आणि बोलायला लागतो. माझ्याकडे सकाळी बोललेलं दुपारपर्यंत कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला पाठ असतं. तिच्याकडे बोललेलं? नाव काढू नका. विहिरीत दगड टाकला तर निदान डुबुक तरी ऐकू येतं.

लोक म्हणतात माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. नसेल भिजत! ते दुकान आहे, स्मशान नाही. गिऱ्हाईक गप्पा मारायलाच येतं, केस काय घरीही कापता येतात.

तिची खोली चर्चच्या अंगाला, बोळात दार असलेली. दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा तांब्या, नाक पुसायला कागदी रुमाल. आतून चर्चच्या दिवाणखान्यात उघडणाऱ्या दाराला तिने काच बसवून घेतली. आलेल्या माणसाची पाठ काचेकडे, हिचं तोंड काचेकडे. "बंद दाराआड पाळक आणि एकटा माणूस, हे दोघांच्याही भल्याचं नाही," ती म्हणते. "कुणाला बघायचंच असेल तर मी दिसेन. तो दिसायला नको आणि आवाज तर मुळीच जायला नको." आवाज जाऊ नये म्हणून दिवाणखान्यात रेडिओ लावला. तो रेडिओ कुणाचा? माझ्या दुकानातला. न विचारता उचलून नेला.

आणि माणूस बसला रे बसला की त्याने तोंड उघडण्याआधी ही बोलते. ते बोलणं मला पाठ आहे, कारण माझ्याशी भांडतानाही तिने एकदा तेच म्हटलं होतं: "इथलं इथेच राहील. लेकराला त्रास होत असेल, किंवा कुणी कुणाच्या जिवावर उठलं असेल, तर मात्र मी गप्प बसणार नाही. हे आधी सांगते, म्हणजे मागाहून फसल्यासारखं वाटायला नको. आता बोला."

रेडिओ गेला ते चाललं. पण पुढे तिने माझ्या आरशाला हात घातला. माझं दुकान बोळाच्या तोंडाशी. मोठा आरसा अशा भिंतीवर होता की खुर्चीत बसलं की बोळातलं ते दार आरशात सरळ दिसायचं. गिऱ्हाइकांना तोच तर सिनेमा! "अरे, ही तर धोबीण! काय झालं असेल?" एके दिवशी ही दुकानात आली, माझ्या खुर्चीत बसली, आरशात बघितलं आणि म्हणाली, "हा आरसा हलवायचा."

"हलवायचा? अगं, उजेड कुठून येतो ते बघ! नळ या भिंतीला आहे! माझ्या वडिलांनी लावलेला आरसा आहे तो!"

"समोरच्या भिंतीवर लावा. लोक माझ्या दारात यायला घाबरतात, अहो. आत यायच्या आधीच त्यांची बातमी होते."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आठवडाभर बोललो नाही तिच्याशी. आठवड्यानंतर आरसा समोरच्या भिंतीवर होता. अजूनही दुपारनंतर उजेड माझ्या डोळ्यांवर येतो आणि मी शिव्या घालतो.

पण ती जन्मापासून अशी नव्हती. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, तसं आहे हे. ते दूध कुठलं, ते सांगतो.

मला एक धाकटा भाऊ. आम्ही त्याला धाकटाच म्हणतो, चाळिशी आली तरी. शाळेची बस चालवायचा. पोरं त्याच्यावर जीव टाकायची. पण संध्याकाळी प्यायचा. गाडीवर कधीच नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. बस जागेवर लावल्यावर मात्र सोडायचा नाही. आईने समजावलं, मी चार शिव्या दिल्या, एकदा थोबाडीतही दिली. उपयोग शून्य. हिने काहीच केलं नाही, फक्त त्याचं ऐकून घेतलं. एक दिवस तो स्वयंपाकघरात हिच्यासोबत मटार सोलत बसला होता, तेव्हा म्हणाला, "वहिनी, सोडली. महिना झाला."

ही तेव्हा नवी पाळक. पोटात आनंद मावेना. रविवारी प्रार्थनेला उभी राहिली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "देवा, आमच्या घरातल्या धाकट्या भावाला तू दारूतून बाहेर काढलंस, तुझे उपकार मानते." सगळी मंडळी एका आवाजात आमेन म्हणाली. मीही म्हणालो, जोरात. आईने तर डोळ्यांना पदर लावला.

त्या आमेनमध्ये शाळेत मुलं असलेले आईबाप किती होते, कुणाच्या ध्यानातच आलं नाही. दारू सोडली, याचा अर्थ लोकांनी लावला, म्हणजे पीत होता! आमच्या पोरांच्या बसचा ड्रायव्हर पीत होता! दुसऱ्या दिवशी शाळेने किल्ली काढून घेतली. हिने शाळेत जाऊन हात जोडले, मी जाऊन आवाज चढवला. काही झालं नाही. आठवडा संपायच्या आत धाकटा पुन्हा प्यायला लागला, आणि या वेळी सकाळपासून.

घर सोडून गेला त्या दिवशी दारात उभा राहून त्याने हिला एवढंच विचारलं: "वहिनी, देवालाच सांगायचं होतं ना? मग हळू सांगायचं होतं. देव बहिरा आहे का?"

गेला तो गेला. फोन बंद. कुणी म्हणे बंदरावर दिसला, कुणी म्हणे संपला. खुर्चीत बसून लोकांनी त्याला मारला, जिवंत केला, पुन्हा मारला. ऐकून ऐकून मी वस्तरा खाली ठेवायचो.

तो गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ही उपासनेत उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मागच्या प्रार्थनेत मी एका माणसाचं गुपित बोलले. ते माझं नव्हतं. हे पाप माझं, आणि पुन्हा होणार नाही." रडली नाही. त्या दिवसापासून प्रार्थनेत नाव बंद. कुणी म्हणालं, बाई, माझ्या मेहुण्याच्या ऑपरेशनसाठी नाव घेऊन प्रार्थना करा, तर ही विचारते, मेहुण्याला विचारलंत का? लोक वैतागले. एक निवृत्त मास्तर तर तोंडावर म्हणाले, "पाळकबाई, नावाशिवाय प्रार्थना म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट."

ही म्हणाली, "देवाला नाव-पत्ता लागत नाही, मास्तर. तो आपल्याला लागतो."

मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दाढी करताना मी त्यांना त्यावरून महिनाभर छळलं.

दिवस गेले. घरी जेवायला बसलो की ही दोन शब्दांची प्रार्थना करायची. बाकी सगळं नावाशिवाय, पण शेवटी एक वाक्य रोज: "जो दूर आहे त्याला सांभाळ." आई तेवढ्यासाठीच हात जोडून थांबायची. ते वाक्य झालं की घास उचलायची.

मग आईचं दुखणं निघालं. हृदयाची एक झडप कामातून गेली होती. चार पावलं चालली की भिंत धरायची. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, आणि लांबवू नका, लांबवाल तर मग करण्यासारखं काही उरणार नाही. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "मी त्या टेबलावर झोपणार नाही."

"अगं, का?"

"माझं धाकटं आहे की नाही, ते आधी कळू दे. नसेल तर मला तरी कशाला उरायचंय? आणि असेल, नि मी टेबलावरच गेले, तर त्याला काय वाटेल? त्याची आई वाट न बघता गेली म्हणेल."

आता या बाईला काय सांगणार? डॉक्टरांनी समजावलं, मी पाया पडलो, आरडाओरडा केला. आमच्या आईचा हट्ट म्हणजे दगडावरची रेघ. रोज ओठ थोडे अधिक निळे दिसायचे आणि रोज उत्तर तेच.

अशात एकदा जेवायला बसलो. हिने डोळे मिटले, नेहमीचं बोलली, आणि शेवटी म्हणाली, "जो दूर आहे त्याला बळ दे."

मी घास उचलला. आईने उचलला नाही.

"काल 'सांभाळ' होतं," आई म्हणाली. "आज 'बळ दे' कसं झालं?"

हिचा हात ताटावरच थांबला.

"आडात असल्याशिवाय पोहऱ्यात येत नाही, सूनबाई. बळ कुणासाठी मागतात? जो कशाशी तरी झगडतोय त्याच्यासाठी. तुला ठाऊक आहे. माझं पोर कुठे आहे ते तुला ठाऊक आहे."

मी बायकोकडे बघितलं. ती पांढरी पडली होती. देवाशी खोटं बोलता येत नाही ना, तिथे अडकली! जे मनात होतं ते प्रार्थनेत आलं, एका शब्दात. बाकी सगळी कुलपं लावली आणि खिडकी उघडी राहिली.

"आई," ती म्हणाली, "मला ठाऊक आहे असं मी म्हणणार नाही. ठाऊक नाही असंही म्हणणार नाही."

झालं! मी ताट सारलं. "म्हणजे काय? माझा भाऊ आहे तो! ती त्याची आई आहे! तू कुठली लागून गेलीस आमच्यामध्ये दार लावणारी?"

"अहो, माझ्याकडे कोण येतं, काय बोलतं, हे तुम्ही इतकी वर्षं विचारलंत आणि मी सांगितलं नाही. आज घरातलं आहे म्हणून नियम बदलला, तर तो नियम नव्हताच."

"नियम गेला खड्ड्यात! तूच म्हणतेस ना, जिवाचा प्रश्न असेल तर गप्प बसणार नाही? हा घे जीव! समोर बसलाय! ओठ बघ तिचे!"

हे लागलं तिला. दिसलं मला. मग म्हणाली, "आईंच्या जिवावर कुणी उठलेलं नाही. उपाय आहे, डॉक्टर तयार आहेत, त्या नाही म्हणतायत. त्या नको म्हणतायत म्हणून मी दुसऱ्या कुणाचं कुलूप फोडायचं? एकदा फोडलंय मी. काय झालं ते जेवताना त्याच्या रिकाम्या जागेवर रोज दिसतं."

आई तेवढ्यात बोलली. "बोलू नये तिथे बोललीस. बोलावं तिथे गप्प बसतेस. तुझ्या हातचा चहासुद्धा नको मला आता."

"हो, आई," ही म्हणाली. "पहिल्यांदा बोलले, म्हणूनच."

तेव्हापासून जेवताना प्रार्थना मनातल्या मनात. आणि चहा? रोज सकाळी ही करायची, आईच्या खोलीत नेऊन ठेवायची, तासाभराने गार झालेला उचलायची. आई तोंड भिंतीकडे करून बसायची. रोज. मी म्हणालो, "कशाला करतेस? ती पिणार नाही." म्हणाली, "न पिण्याचा त्यांचा हक्क आहे, करण्याचा माझा." अशा बाईशी संसार करणं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं.

मी दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसायला लागलो. खरं सांगतो, मला तिचा राग आला होता, असा की रात्रंदिवस छातीत निखारा. एका शब्दाने आई वाचणार होती, आणि तो शब्द माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या तोंडात मूग गिळून बसला होता.

मग एके सकाळी ती पिशवी घेऊन बाहेर पडली. बस पकडली. संध्याकाळी परत आली तेव्हा पाय ओढत होती. मी विचारलं, "कुठे होतीस?" "कामाला." पुढच्या आठवड्यात पुन्हा. तसंच येणं, तसाच चेहरा. काही मिळालं नाही असा चेहरा. न्हाव्याला चेहरे कळतात, जन्म त्यातच गेलाय. ती काहीतरी मागायला जात होती आणि हात हलवत परत येत होती. मी विचारायचं सोडून दिलं. पण तिसऱ्या वेळेला निघाली तेव्हा, का कोण जाणे, मी तिच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि दोन केळी घातली. राग होता तो होताच.

त्या दिवशी ती लवकर आली. चपलाही न काढता आत शिरली, आईच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा."

"माझ्याच आईच्या खोलीतून मी बाहेर?"

"हो."

आणि दार लावलं. या दाराला काच नाही. मी कान लावला, का नाही लावणार? आधी काही नाही. मग हिचा आवाज, अगदी थोडा, एखादं वाक्य असेल नसेल. मग आईने नाक शिंकरलं. आणि मग, देवाशप्पथ, आई हसली. एकदाच, बारीकसं. किती दिवसांनी ऐकलं ते हसू!

दार उघडलं. आई पलंगावर ताठ बसलेली. "डॉक्टरला फोन लाव," मला म्हणाली. "जवळात जवळची तारीख घे." आणि हिच्याकडे वळून, "अगं, चहा टाक ना. घसा सुकला माझा."

"काय सांगितलं तिने?" मी विचारलं. आईने ऐकलंच नाही.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, माझे केस कमी करून दे, तिथे कोण विंचरणार. हाताला धरून दुकानात आणली, खुर्चीत बसवली, गळ्याभोवती कापड बांधलं. मनात म्हटलं, आता बघू. या खुर्चीत बसून गप्प राहिलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. पोलीस बोलतात, वकील बोलतात. पाणी फवारलं, हलक्या हाताने विंचरलं आणि अगदी सहज म्हणालो, "आई, मी का परका आहे? माझाही भाऊच ना तो."

"कापायला लाग."

"एवढंच सांग, सुनेने तुला काय सांगितलं?"

"तुला सांगू? तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

"आई!"

"आणि ते काही माझं नाही तुला सांगायला. सांगायचं की नाही, ते तो ठरवेल."

ठरवेल!

कात्री माझ्या हातात तशीच राहिली. ठरवेल म्हणाली. मेलेलं माणूस काही ठरवत नाही. आरशात मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. तिलाही कळलं आपण काय बोललो ते. सुनेचं जे एका शब्दावरून पकडलं होतं, तेच तिचं झालं. तिने कापडाखालून हात काढला आणि आरशातल्या आरशात ओठांवर बोट ठेवलं. डोळे भरून वाहत होते तिचे, गालावर कापलेले केस चिकटले होते. माझेही डोळे वाहत होते. लाज कसली, रडलो मी. धाकटा आहे! माझा धाकटा आहे कुठेतरी, आणि झगडतोय! बाई तीनदा बसने गेली ती त्याचीच परवानगी मागायला!

नेमके तेव्हाच मास्तर दाढीला आले. आईला बघून बाकावर टेकले आणि मान पुढे काढून म्हणाले, "काय मग, धाकट्याची काही खबरबात?"

आईने श्वास रोखला. मला ऐकू आलं. सगळा जन्म ज्या जिभेवर मी दुकान चालवलं, ती जीभ सुटायच्याच बेतात होती. बोळापलीकडे चर्चच्या दिवाणखान्यात रेडिओ वाजत होता, माझाच रेडिओ.

"मास्तर," मी म्हणालो, "बसा. पुढचा नंबर तुमचा."

आईचं ऑपरेशन झालं. ती बरी आहे, सुनेच्या चहाला नावं ठेवते आणि दोन कप पिते. धाकट्याचं पुढे काय झालं ते विचारू नका. तेवढ्याची परवानगी मला नाही.